एका दिवसात बाथरूम नवं करून देणाऱ्या ठेकेदारास खुलं पत्र

रंगकाम ठेकेदार महोदय,

सनविवि लिहायला हात धजत नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत माझ्या मावशीच्या बाथरूमच्या टाईल्स तुम्ही रंगवल्यात. सकाळी आलात, संध्याकाळी पैसे खिशात घालून गेलात. थोड्याच दिवसांत शॉवरखालच्या भिंतीवर रंगाला फुगे आले, मग पोपडे सुटले आणि ते जाळीत अडकून पाणी तुंबू लागलं. तुमच्या कामातली एकच गोष्ट वेळेवर झाली, ती म्हणजे पैसे घेणं. त्यानंतर तुम्ही मावशीचा फोन उचललेला नाही, म्हणून हे चारचौघांत लिहावं लागतंय.

मावशीच्या टाईल्स नव्वदच्या दशकातल्या. फिकट गुलाबी, मधे फुलांची पट्टी. एकही तडकलेली नाही, कुठे पोकळ वाजत नाही, भिंतीत लिकेज नाही. फक्त जुनाट दिसत होत्या आणि सांध्यांतलं व्हाइट सिमेंट काळं पडलं होतं. त्या फोडून नव्या बसवायच्या तर फोडणाऱ्यांची मजुरी, राडारोडा खाली नेण्याचा खर्च, नव्याने वॉटरप्रूफिंग, टाईल्स, गवंडी, आणि पाण्याच्या लाइनीला धक्का लागला तर प्लंबरही. तिच्या पेन्शनमध्ये ते बसत नव्हतं. म्हणून तिने रंगाचा मार्ग निवडला आणि तो योग्यच होता. हे मुद्दाम लिहिते, कारण ‘टाईलवर रंग टिकतच नाही’ असं तुम्ही आता सोसायटीत सांगत फिरता. टिकतो. तुम्ही लावलेला टिकत नाही.

का टिकत नाही, हे तुम्हाला माहीत नसेल असं मी मानत नाही. टाईलचा वरचा थर म्हणजे भट्टीत भाजलेली काच. त्यात पाणी मुरत नाही, तसा रंगही मुरत नाही. त्याला धरून बसायला जागा हवी, आणि ती पॉलिश पेपरने मिळते. टाईलची चमक जाऊन हाताला खरखर लागेपर्यंत प्रत्येक टाईल घासावी लागते. त्याच्याही आधी साबणाचा थर काढावा लागतो. मावशीकडे बोअरचं जड पाणी येतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून जो पांढुरका चिकट थर धरतं, तो नुसत्या पाण्याने निघत नाही. तुम्ही ओलं फडकं फिरवलंत आणि ब्रश उचललात. तुमचा रंग टाईलवर नाही, साबणावर बसला होता.

आणि रंग कुठला? दुसऱ्या कुठल्या तरी साइटवरून उरलेला ऑइल पेंट. सतत भिजणाऱ्या भिंतीला दोन डब्यांचा एपॉक्सी लागतो, बेस वेगळा आणि हार्डनर वेगळा, डब्यावर लिहिलेल्या मापाने मिसळलेला. मावशीने त्याचे पैसे मोजले होते. त्यावर कडी म्हणजे सांध्यांत ताजं व्हाइट सिमेंट भरून त्याच दुपारी तुम्ही वरून ऑइल पेंट ओढलात. ताज्या सिमेंटमध्ये क्षार असतो. ओलाव्यात तो या रंगातल्या तेलाशी लागला की तेलाचा अक्षरशः साबण होतो. सगळ्यात आधी सांध्यांवरूनच रंग सुटला, तो यामुळे. कोपऱ्यांतलं जुनं सिलिकॉन खरवडून काढायचं असतं, रंग पूर्ण वाळला की नवं भरायचं असतं. तुम्ही त्या सिलिकॉनवरूनही ब्रश फिरवलात. सिलिकॉनवर रंग धरत नाही, हे तुमच्या हाताखालच्या पोऱ्यालाही ठाऊक असेल.

हेही मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण तुम्ही जमिनीवरही तोच रंग ओढलात! वर म्हणालात, ‘उरलाच होता, फुकट करून दिलं.’ सत्तरी ओलांडलेली बाई एकटी राहते, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. जमिनीच्या टाईल्स मुद्दाम खरखरीत ठेवलेल्या असतात, पाय घसरू नये म्हणून. त्यांच्यावर चकचकीत ऑइल पेंट लावला आणि वर साबणाचं पाणी पडलं की काय होतं, हे सांगायला कारागीर असावं लागत नाही. मावशी घसरली. नळ हाताशी आला म्हणून खुब्याचं हाड वाचलं. वाया गेलेला रंग पुन्हा लावता येतो. तिच्या वयात खुबा मोडला तर माणूस अंथरुणाला खिळतं. या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला माफ करणार नाही.

तुम्ही म्हणाल, बजेटच तेवढं होतं. नव्हतं हो. टाईल्सवर रंग लावणं स्वस्त पडतं ते सामान कमी लागतं म्हणून. कष्ट आणि थांबणं त्यात पुरेपूर लागतं. घासणं, धुणं, भिंत कोरडी होऊ देणं, मग पातळ दोन हात, त्यांच्यामध्ये डब्यावर दिलेली वेळ, आणि शेवटच्या हातानंतर कित्येक दिवस शॉवर बंद. ऐन पावसाळ्यात तर आणखी थांबावं लागतं. शॉवर बंद असेल त्या दिवसांत मावशी शेजारी आंघोळीला जायला तयार होती, तसं तिने तुम्हाला सांगितलंही होतं. तुम्ही मात्र ‘उद्यापासून वापरा’ म्हणालात, कारण तुम्हाला दुसरी साइट गाठायची होती. एका निवृत्त शिक्षिकेने साठवलेल्या पैशांतून तुम्ही स्वतःचे चार दिवस वाचवलेत. याला मी फसवणूकच म्हणते.

आता तो रंग खरवडून काढणं नवा लावण्यापेक्षा जिकिरीचं झालंय. तो खर्च तुमचा आहे. मावशीला घेतलेली रक्कम परत करा, आणि आधी जमिनीवरचा रंग माणूस पाठवून काढून द्या.

वाचकहो, तुमच्या घरी असं काम निघालं तर ठेकेदाराला आधी दाराआडच्या एकाच टाईलवर नमुना करायला लावा. तो पूर्ण वाळला की ब्लेडने चौकड्या ओढा, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला तर त्या माणसाला काम देऊ नका. रंगाचे डबे तुमच्यासमोर फोडायला सांगा. जमिनीला रंग लावू देऊ नका. आणि शॉवर सुरू करून काही दिवस जाईपर्यंत शेवटचा हप्ता हातचा सोडू नका.