दहा वर्षं कुठे होता, भाऊ?

भेस्तानात वयाची चौकशी कोणी करत नाही. सुरतेहून निघून उधना सोडलं की मुंबईच्या बाजूला आमचं स्टेशन. इथे उतरणाऱ्या नव्या माणसाला ‘किती मशीन चालवतोस?’ एवढंच विचारतात. सोळाचा असेल तर ‘अठरा सांग’ म्हणतात, साठीचा असेल तर ‘दिसतं ना नीट?’ म्हणतात. लूमवर उभं राहायला, साडीच्या घड्या घालायला, टेम्पोत पार्सल चढवायला वय आडवं येत नाही. सचिन गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बॅनरवर तर सत्तेचाळीस वर्षांचे गृहस्थ ‘युवा नेते’ म्हणून हात जोडून उभे असतात, आणि त्यांना त्याचा संकोच वाटत असल्याचं अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

वयाच्या बाबतीत इतकं मोकळं असलेलं हे गाव आमच्या भाच्याने एका वाक्यात हादरवलं. “मामा, मी कॉलेजात नाव घालतोय,” तो म्हणाला. भाचा अठ्ठावीस वर्षांचा आहे.

बातमी चाळीतून फिरली. ताईने कपाळाला हात लावून खानदेशातल्या सगळ्या कुलदैवतांना साक्षीला बोलावलं आणि जाहीर केलं, “पोऱ्या येडा व्हई गया!” शेजारचे आप्पा, जे स्वतःच्या नातवाचा अभ्यास घ्यायची वेळ आली की पाण्याची टाकी बघायला गच्चीवर जातात, ते खास खाली उतरले आणि म्हणाले, “आते शिकीसन काय करशी?” खात्यावरच्या, म्हणजे लूमच्या कारखान्याच्या, शेठने ऐकलं आणि त्याला मनापासून वाईट वाटलं. “भणीने शुं करवानुं? पगार तो हुं ज आपवानो छुं!” हे वाक्य उच्च शिक्षणावरच्या अनेक जाडजूड अहवालांपेक्षा प्रामाणिक आहे, हे आम्ही मान्य करतो.

भाच्याने हप्त्यावर मोटारसायकल घेतली असती तर पेढे वाटले असते. कर्ज काढून लग्न केलं असतं तर आप्पा वरातीत नाचले असते. आमच्या या दारूबंदीच्या राज्यात एखाद्याने अठ्ठाविसाव्या वर्षी दारू सुरू केली तरी ‘आता, या वयात?’ असं त्याला कोणी विचारत नाही. तो प्रश्न फक्त वही घेणाऱ्यासाठी राखून ठेवलेला आहे.

गंमत म्हणजे कायद्याची याला काही हरकत नाही. बी.ए.ला वयाची वरची मर्यादा नाही. वकिलीच्या तीन वर्षांच्या पदवीला बार कौन्सिलने 2008 मध्ये तिशीचं कुंपण घातलं होतं. सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये त्याला स्थगिती दिली. डॉक्टर व्हायच्या ‘नीट’ला खुल्या गटासाठी पंचविशीची मर्यादा होती, ती 2022 मध्ये निघाली. म्हणजे चाळिशीत डॉक्टर व्हायचं ठरवलं तरी सरकार आडवं येत नाही. आडवे येतात ते आप्पा.

आप्पांना आम्ही विद्यापीठांच्या पाट्या वाचायला सांगितल्या. सुरतेचं विद्यापीठ 1965 साली निघालं आणि 2004 साली त्याला गुजराती कवी वीर नर्मदांचं नाव मिळालं. नर्मदांनी 1858 मध्ये, वयाच्या पंचविशीत, चालू मास्तरकी सोडली आणि यापुढे लेखणीवर जगेन असं ठरवलं. पदवी त्यांनी घेतली नव्हती. तेव्हाच्या सुरतेतही आप्पा असणारच. त्यांनी काय काय ऐकवलं असेल, ते आम्ही समजू शकतो. तिकडे आमच्या मूळ गावाकडे, तापीच्या काठाने उलट गेलं की जळगावचं विद्यापीठ लागतं. ते 1990 चं, आणि 2018 पासून बहिणाबाई चौधरींच्या नावाचं. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या दुसऱ्यांनी टिपून ठेवल्या आणि त्या गेल्यावर, 1952 मध्ये, पुस्तकरूपाने आल्या. थोडक्यात, आमच्या देशात विद्यापीठाच्या फाटकावर नाव लागायला पदवी लागत नाही. त्याच फाटकातून आत जायचं म्हटलं की मात्र मार्कशीट, लिव्हिंग, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि तीन फोटो लागतात.

भाच्याकडे हे सगळं होतं. महापालिकेच्या मराठी शाळेचा तो विद्यार्थी. सुरतेची पालिका सात माध्यमांच्या शाळा चालवते, त्यामुळे इथला गरीब माणूस निदान आपापल्या भाषेत शाळा सोडू शकतो. राज्याच्या प्रवेश पोर्टलवर त्याने अर्ज भरला, एका कॉलेजच्या खिडकीशी रांगेत उभा राहिला. आतल्या बाबूने बारावीचं साल पाहिलं, चष्मा वर केला आणि विचारलं, “दहा वर्षं कुठे होता, भाऊ?”

याचं उत्तर तोंडी चालत नाही. त्यासाठी गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट करावं लागतं. नोटरीपुढे शपथेवर लिहून द्यायचं की या काळात मी दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतलेला नाही आणि कुठल्याही बेकायदा कृत्यात सामील नव्हतो. या काळात भाच्याने सुरतेच्या पांडेसऱ्यात लाखो मीटर कापड विणलं. ते देशभरच्या लग्नांत नेसलं गेलं, फाटलं, आणि गोधडीत शिवलंही गेलं असेल. अ‍ॅफिडेव्हिटच्या नमुन्यात ते लिहायला जागा नाही. जागा आहे ती फक्त त्याने काय केलं नाही, हे सांगायला.

तरी भाचा आशावादी. त्याने नवं शैक्षणिक धोरण वाचलं होतं, हा त्याचा मुख्य दोष. 2020 च्या धोरणातून क्रेडिटची बँक निघाली, 2021 पासून ती चालू आहे. मिळवलेलं क्रेडिट तिथे सात वर्षं टिकतं. 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात तर कामाच्या अनुभवालाही क्रेडिट द्यायची सोय लिहिलेली आहे. भाचा उड्या मारत शेठकडे गेला: अनुभवाचा दाखला द्या.

शेठ घाबरला. दाखला दिला म्हणजे हा माणूस दहा वर्षं इथे कामाला होता असं होणार, मग पीएफ कुठे, ईएसआय कुठे, असं कोणी विचारणार. नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची चिठ्ठी नाही, हजेरीच्या रजिस्टरात नाव नाही. उपाडाची, म्हणजे उचलीची, वही मात्र आहे आणि तिच्यात भाच्याचं नाव पानोपानी आहे. पण ती वही क्रेडिटच्या बँकेत चालत नाही.

तेव्हा हिशेब असा जमला. शेठच्या कागदानुसार तो कामावर नव्हता. कॉलेजच्या कागदानुसार तो शिकत नव्हता. नोटरीच्या कागदानुसार तो गुन्हे करत नव्हता. दहा वर्षं हा माणूस नेमका कुठे होता, हे आता फक्त त्याच्या मोबाइल कंपनीलाच ठाऊक आहे.

यावर कळस म्हणजे नव्या अभ्यासक्रमातली इंटर्नशिप. विद्यार्थ्याला कामाचा अनुभव मिळावा म्हणून त्याला काही आठवडे बाहेर कुठेतरी काम करायला पाठवतात. भाचा पांडेसऱ्यातच जाणार. त्याच खात्यात, त्याच मशीनवर, तेच काम तो करेल. फरक एवढाच की या वेळी ते कागदावर असेल आणि पगार नसेल.

खरी अडचण निराळीच निघाली. लूमची पाळी सात ते सात, बारा तासांची. कॉलेज भरतं ते याच बारा तासांत, आणि वर पंचाहत्तर टक्के हजेरी. रात्रपाळी घ्यावी तर सकाळच्या तासाला तो मान टाकून झोपणार. वर्गातली अठरा वर्षांची पोरंही झोपतात, पण त्यांना कोणी त्यांचं वय विचारत नाही.

“मग बाहेरून दे की,” सगळे म्हणाले. बाहेरून द्यायची सोय आहेच: इग्नू 1985 पासून, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून, गुजरातचं बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ 1994 पासून. ज्या घरात पदवीचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं अशा कितीतरी घरांत यांनी ती नेऊन पोचवली, त्यांची चेष्टा करायची आमची छाती नाही. पण भाच्याला वर्ग हवाय. तो म्हणतो, मामा, खात्यात बारा तास एवढा खडखडाट असतो की शेजारच्या मशीनवाल्याशीही खुणेनेच बोलतो. मला अशा खोलीत बसायचंय जिथे एक माणूस बोलतो आणि बाकीच्यांना ऐकू येतं. आम्हाला काही प्राध्यापक माहीत आहेत, तरी आम्ही गप्प बसलो.

हा प्रश्न नवा आहे म्हणावं तर तसंही नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. डॉ. आंबेडकरांचं सिद्धार्थ कॉलेज मुंबईत 1946 साली निघालं ते सकाळचं, पोटासाठी नोकरी करणाऱ्यांना कामावर जाण्याआधी शिकता यावं म्हणून. त्यांच्याकडे पोर्टल नव्हतं, क्रेडिटची बँक नव्हती. घड्याळ तेवढं होतं, आणि ते विद्यार्थ्याच्या मनगटाकडे बघून लावलेलं होतं.

म्हणून उच्च शिक्षण खात्याला या सदराच्या काही नम्र सूचना. पांडेसऱ्यातल्या उद्योगाचा अभ्यासदौरा काढावा. परदेशापेक्षा स्वस्त पडतो. मशीन रात्री बंद ठेवणं परवडत नाही, हे कुठलाही शेठ समजावून सांगेल. मग एवढ्या इमारती, एवढे बाक आणि एवढे पंखे संध्याकाळनंतर रिकामे ठेवणं कसं परवडतं, तेही त्यालाच विचारावं. वर्गाची दुसरी पाळी काढावी. गुण कमी पडले तर उपाड द्यावा आणि दिवाळीच्या परीक्षेत वळता करून घ्यावा. चांगला विद्यार्थी दुसऱ्या कॉलेजात जायला निघाला तर त्याचा उपाड माफ करायचा नाही, म्हणजे तो जात नाही. हे तंत्र सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या पारखलेलं आहे.

गॅपच्या अ‍ॅफिडेव्हिटचा नमुनाही बदलायची गरज नाही. फक्त सही करणारा बदलावा. उच्च शिक्षणाने भेस्तानच्या नोटरीपुढे उभं राहून शपथेवर लिहून द्यावं की पाळी सुटल्यानंतरच्या तासांत आपण इतकी वर्षं कुठे होतो, आणि त्या काळात कुठल्याही बेकायदा कृत्यात सामील नव्हतो. साक्षीदार म्हणून आमचा भाचा येईल. मात्र बोलवायचं ते संध्याकाळी सातनंतर. दिवसा आला तर त्याचा खाडा पडतो.