अवघड जागेचे अण्णा

प्रत्येक सोसायटीत एक अण्णा असतातच. अंगात इस्त्रीचा लेंगा-झब्बा, तोंडात वावगा शब्द नाही. त्यांच्या लेखी मनुष्यदेह कमरेपाशी संपतो आणि थेट मांड्यांपासून पुन्हा सुरू होतो. मधल्या मुलखाला नाव नाही.

म्हणजे स्वतःच्या मुलखाला नाही. दुसऱ्याचा विषय निघाला की अण्णांची जीभ मोकाट सुटते. नातवाचं एका जागी बूड ठरत नाही, बुडाला आग लागल्याशिवाय सेक्रेटरी टाकी धुऊन घेत नाही, चोर आला तेव्हा वॉचमन ढुंगणाला पाय लावून पळाला, हे सगळं गॅलरीतून, चारचौघांना ऐकू जाईल अशा बेतानं. अंघोळीनंतर नातवाच्या बोच्यावर कौतुकाची चापटही बसते. वेरूळला गेले की मूर्तींसमोर 'नितंब' हा शब्द बिनदिक्कत येतो, कारण ते दगडाचे. स्वतःवर आलं की मात्र 'पार्श्वभाग', तोही आवाज उतरवून. संस्कृतात पार्श्व म्हणजे बगल, हे त्यांना ठाऊक आहे. पण पार्श्वगायनाला कुणी हसत नाही, तेव्हा यालाही हसू नये, अशी त्यांची अपेक्षा असते.

गेल्या पावसाळ्यात अण्णांना नेमका तिथंच केसतोड झाला. सेक्रेटरीला फोनवर म्हणाले, "बैठकीचं जरा अवघड झालंय." त्यानं रविवारची बैठक पुढे ढकलली.

दवाखान्यात डॉक्टर निघाली तरुण मुलगी.

"काय होतंय काका?"

"बसण्याचा प्रश्न आहे."

"गुडघे?"

"त्याच्या वर."

"कंबर?"

"त्याच्या खाली."

खरेदीखतात जमिनीची चतुःसीमा लिहितात, तशी अण्णांनी पूर्व-पश्चिम सांगितली. मधला प्लॉट काही उच्चारला नाही. तिच्या ध्यानात आलं, पण ती हसली नाही. कंपाउंडरला एवढंच म्हणाली, "काकांना कमरेत इंजेक्शन दे."

हे कमरेतलं इंजेक्शन म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रानं मिळून चालवलेलं नाटक आहे. कमरेत ते कुणी देत नाही. द्यायचं ते कुल्ल्याच्या वरच्या, बाहेरच्या बाजूला. आतल्या-खालच्या बाजूनं पायाची मोठी नस जाते, तिला सुई लागली तर पाय कामातून जाईल, म्हणून. हे नर्सला माहीत, पेशंटला माहीत, तरी दोघंही तोंडानं 'कंबर'च म्हणतात. आपली म्हणसुद्धा बघा, 'अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर'. जावयाचा धंदा सांगितला, जागा सांगितली नाही. ही म्हण एखाद्या अण्णांनीच केली असणार.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईला असला संकोच परवडला नाही. त्याला भगंदर झालं आणि 1686 च्या नोव्हेंबरात फेलिक्स नावाच्या शल्यविशारदानं व्हर्सायला ते कापून काढलं. राजा बरा झाला. मग ती शस्त्रक्रिया म्हणजे प्रतिष्ठेची गोष्ट झाली. काही दरबारी आपल्यावरही तीच करा म्हणून मागे लागले. आपल्याकडे सुश्रुतानं भगंदराला क्षारसूत्र सांगून ठेवलंय ते याच्या कितीतरी आधी, सगळ्या अवयवांची नावं घेऊन, कुठंही न अडखळता. अण्णांना सुश्रुताचा फार अभिमान. भाषणात ते त्याचं नाक जोडण्याचं कौशल्य सांगतात. भगंदरापर्यंत भाषण पोचत नाही.

केसतोड फुटला, तरी टेकून बसवेना. काकू म्हणाल्या, मेडिकलमधून ती मधे भोक असलेली गोल उशी आणा. अण्णा गेले. काउंटरवर नेमक्या शेजारच्या दोन बाया उभ्या. त्या जाईपर्यंत अण्णांनी खोकल्याच्या तीन औषधांच्या किमती विचारल्या. बाया हलेनात. शेवटी दुकानदारानंच विचारलं, "अण्णा, तुम्हाला काय?"

"ते हे... बसताना त्रास होतो, त्यासाठी असतं ना काहीतरी."

"कुठं दुखतंय?"

"कंबर," अण्णा म्हणाले.

दुकानदारानं कमरेचा पट्टा काढला, माप घेतलं, पैसे घेतले. अण्णा मुकाट्यानं पट्टा घेऊन घरी आले. काकूंनी पुडकं सोडलं, पट्टा उलटसुलट करून पाहिला.

"अहो, हा बांधणार कुठं?"

"कमरेला," अण्णा म्हणाले, आणि उभ्यानंच चहा प्यायले.