चाळीस मिलिमीटरचा न्याय

इथिओपियाचा देरारा हुरिसा २०२१ मध्ये व्हिएन्ना मॅरेथॉन जिंकला आणि थोड्याच वेळात बाद ठरला. उत्तेजक नाही, जवळची वाट नाही. बुटाचा सोल पाच सेंटिमीटर भरला. मर्यादा चारची. विजेतेपद केनियाच्या लिओनार्ड लांगटला मिळालं.

जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेनं २०२० मध्येच न्यायाची जाडी ठरवून टाकली होती: रस्त्यावरच्या शर्यतीत सोल ४० मिलिमीटर, आत कडक पट्टी एकच. चाळीसपर्यंतचा फोम म्हणजे मेहनत, एक्केचाळिसावा मिलिमीटर म्हणजे लबाडी.

शिवाय बूट बाजारात मिळायला हवा, अशी तेव्हाची अट. समान संधी! २०२३ मध्ये बर्लिनला तिगिस्त असेफानं २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांचा महिला मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला, तेव्हा तिच्या पायात आदिदासचा १३८ ग्रॅमचा बूट होता. त्यासाठी फक्त ५०० डॉलर मोजायचे. टिकणार किती? थोडा सराव आणि एक मॅरेथॉन, असं खुद्द कंपनीचं म्हणणं.

१९६० मध्ये रोमला अबेबे बिकिलानं ऑलिंपिक मॅरेथॉनचं सुवर्ण अनवाणी जिंकलं. त्याला प्रायोजक शोधणं आज अवघड गेलं असतं.

तेव्हा यापुढे विक्रमाच्या बातमीत वेळेशेजारी बुटाची किंमतही छापायला सांगा.