पॅनमनचा अंगठा

साखर कारखान्यात पॅनमन नावाचा एक माणूस असतो. उसाच्या गाड्या, बॉयलर, वजनकाटा यांचा खाली केवढाही गलबला चालो, पाकाची साखर होते ती वरच्या मजल्यावर, याच्या नजरेखाली. निर्वात पॅनमध्ये पाक ६०-७० अंशांवरच रटरटत असतो, आणि गोल काचेतून हा आत पाहतो तो कांदेपोह्यांच्या बशीआडून मुलाला न्याहाळणाऱ्या आजीसारखा : बोलायचं काही नाही, टिपायचं सगळं. मधूनच प्रूफ स्टिक ओढून नमुना काढायचा, काचपट्टीवर घेऊन दिव्यासमोर धरायचा, अंगठ्यानं चोळायचा आणि म्हणायचं, ‘थांबा जरा.’

हे ‘थांबा जरा’ पुस्तिकेत उतरवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यासाठीचा तक्ता आमच्यापर्यंत आला तो १९४० साली अमेरिकेत युद्धाच्या तयारीत सुरू झालेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या उपक्रमातून. डावीकडे कामाची पायरी, उजवीकडे त्यातली खुबी. डावी बाजू भराभर भरते. ‘पाक कधी घ्यायचा?’ ‘दाणा धरला की.’ ‘धरला हे कसं कळतं?’ यावर तो माझ्याकडे अशा मायेनं पाहतो, की पुढचा प्रश्न मीच गिळतो. रेकॉर्डर लावला तर आणखी पंचाईत. एरवी रांगडं, गोड बोलणारा हा गृहस्थ एकदम ‘प्रथमतः सुरक्षिततेची साधने परिधान करावीत’ असं सुरू करतो, आणि रेकॉर्डर बंद होताच पुन्हा माणसात येतो.

लहानपणी गुऱ्हाळावर गुळव्या गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून गोळी वळते का बघायचा. काकवीच्या आशेनं आम्ही पोरं भोवती घुटमळायचो. त्याला कुणी काही विचारत नसे, तोही सांगत नसे. तरी त्याच्या हाताखालचा पोरगा काही हंगामांनी गुळव्या होई. त्या शाळेला उजवा रकाना नव्हता.

कच्चा मसुदा तिघा जाणकारांकडे जातो. प्रत्येक जण दुसऱ्याचं वाक्य आदरपूर्वक खोडतो, आणि अखेरीस ‘योग्य वेळी, योग्य प्रमाणात’ एवढंच उरतं, ज्यावर कुणाचंच भांडण नसतं. मला खरा आधार मिळाला तो दुसऱ्याच हंगामाला आलेल्या मदतनिसाचा. त्याची भीती अजून ताजी होती. पाक घाईनं आटवला की मूळ दाण्यांमध्ये नवे, बारीक दाणे उगवतात. हाच तो फॉल्स ग्रेन. पुढे सेंट्रिफ्यूगलच्या जाळीत तो अडकून बसतो आणि शिव्या मात्र पॅनवर येतात. पॅनमनला हे सांगावंसं वाटलंच नव्हतं; आपण कधी काळी घाबरत होतो, हे तो केव्हाच विसरला होता.

त्या पोरामुळे उजवा रकाना बराच भरला. तळाशी मी लिहिलं, ‘शंका आल्यास पॅनमनचा अंगठा पाहावा.’ मंजुरीत ते वाक्य उडालं. मग मी पॅनमनच्या पाळ्यांचं वेळापत्रक परिशिष्ट म्हणून जोडलं. त्याला मात्र कुणी हात लावला नाही.