खटकेबाज

"चाकू आहे का हो कुणाकडे?" हा प्रश्न पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत, सहलीच्या बसमध्ये किंवा बारशाच्या घरात मोठ्याने विचारू नये. विचारणाऱ्याला केक कापायचा असतो, फार तर पार्सलची सुतळी तोडायची असते. पण मागच्या रांगेतून एक गृहस्थ पँटचा उजवा खिसा चाचपत उठतात आणि उलट विचारतात, "कुठला देऊ? नखाचा, अंगठ्याचा की बोटाचा?" झालं. सुतळी आता दातांनीच तुटणार.

हे खटकेबाज. प्रत्येक सोसायटीत एक असतातच, त्यामुळे ओळख करून देण्यात वेळ घालवायला नको. वय पंचावन्नच्या आसपास. नोकरी अशा खात्यात, जिथे उद्घाटनाची फीत सोडली तर कापण्यासारखं वर्षभर काही नसतं. आणि खिशात घडीचा चाकू, किंमत हजाराच्या आत. हजाराचा नियम कडक. "हजाराच्या वर गेला की तो चाकू नाही, दागिना," असं त्यांचं मत. या नियमाने आजवर एकतीस चाकू घरात आले आहेत. दरवेळी आपण किती पैसे वाचवले हे खटकेबाज रंगवून सांगतात, तेव्हा वहिनी भाजी निवडता निवडता म्हणतात, "वाचलेल्या पैशांत दोन दारांचा फ्रीज आला असता."

गेल्या वर्षी सोसायटीतल्या एका पोराच्या पाचव्या वाढदिवसाला बेकरीने दिलेली प्लॅस्टिकची सुरी केकमध्येच मोडली. खटकेबाजांनी टेबलावर तीन चाकू ओळीने मांडले. पहिला नखाचा. पात्याच्या कडेला नखाएवढी खाच, तीत अंगठ्याचं नख रोवून पातं ओढायचं. मुठीच्या पाठीत पोलादी पट्टीची स्प्रिंग असते. ती पात्याला एक तर पुरतं उघडं ठेवते, नाही तर पुरतं मिटलेलं, मधे रेंगाळू देत नाही. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांनी १८९७ मध्ये नोंदवलेला आणि आज लाल मुठीने जगभर ओळखला जाणारा चाकू याच जातीचा. "पण याला दोन हात लागतात," खटकेबाज खेदाने म्हणाले. दुसरा अंगठ्याचा. याच्या पात्याला एक बोंड असतं, नाही तर चक्क भोक. हे गोल भोक अमेरिकेतल्या सॅल ग्लेसर यांच्या डोक्यातून १९८१ मध्ये निघालं. अंगठा भोकात टेकवून ढकलला की पातं बाहेर. तिसरा बोटाचा. मिटलेल्या चाकूच्या पाठीवर पात्याचीच एक शेपटी डोकावत असते. आत मोहरीएवढी पोलादी गोळी पात्याच्या खळग्यात बसून त्याला धरून ठेवते. तर्जनीने शेपटी दाबत जायची. गोळी खळग्यातून सुटली की पातं थांबत नाही. टक्क!

"एका हाताने!" खटकेबाज म्हणाले. "दुसरा हात मोकळा राहतो."

तोवर मेणबत्त्यांचं मेण केकवर साचलं होतं आणि उत्सवमूर्तीने क्रीमच्या मोटारीची चारही चाकं बोटांनी खाल्ली होती.

हे 'दुसरा हात मोकळा राहतो' खटकेबाजांच्या तोंडून दिवसातून चारदा तरी ऐकू येतं. मोकळ्या हाताचं करायचं काय, हे मात्र त्यांनी अजून ठरवलेलं नाही. प्रात्यक्षिक चालू असताना तो हात कमरेमागे असतो, जुन्या हिंदी चित्रपटातल्या तलवारबाजासारखा. सिंहगडावर एकदा एक काकडीवाली काकडी उभी चिरून तिखटमीठ भरत होती. तिची सुरी साधी, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. खटकेबाजांनी तिला टक्क करून दाखवलं आणि दुसऱ्या हाताचं ब्रीदवाक्य ऐकवलं. बाईने हातातली काकडी वर धरली आणि विचारलं, "आन् मग ही कोन धरनार?" तेवढ्या वेळात तिने तीन गिऱ्हाइकं केली होती.

भाच्याने फ्रान्सहून ओपिनेल आणला, तेव्हा तो फुकट असल्यामुळे हजाराच्या नियमात बसला. १८९० मध्ये सव्हॉयमधल्या जोझेफ ओपिनेल यांनी घडवलेला हा शेतकऱ्याचा चाकू. मूठ बीचच्या लाकडाची, पात्याला नखाची खाच, आणि १९५५ पासून मुठीच्या तोंडाशी एक फिरतं कडं. पातं उघडून कडं फिरवलं की चाकू कुलूपबंद. पण लाकूड ते लाकूडच. जुलैत भीमाशंकरच्या धुक्यात मूठ फुगली आणि पातं आत अडकलं. ओढून नख गेलं, पातं हललं नाही. फ्रेंच शेतकऱ्यांचा यावर उपाय आहे: मुठीचं बूड टणक पृष्ठभागावर ठोकायचं, की पात्याचं टोक वर येतं. खटकेबाजांनी हा ठोका त्या मोसमात इतक्या ठिकाणी दिला, की अखेर एका लग्नात पंगतीच्या टेबलावर ठक ठक सुरू होताच वाढप्यांना वाटलं, पाहुणे जिलबी मागताहेत. जिलबी आली. पातं नाही आलं.

खरेदीचा सोहळा रविवार पेठेतल्या बोहरी आळीत होतो, नाही तर बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात. इतर गिऱ्हाइकं चाकूची धार बघतात. खटकेबाज चाकू कानाशी धरतात. टक्क. पुन्हा टक्क. मग डोळे मिटून तिसरी. "वायसर नायलॉनचे आहेत," ते जाहीर करतात. "पितळी असते तर आवाज दाणेदार आला असता." मग पातं उघडून डावी-उजवीकडे हलवून बघायचं, खडखड करतंय का. मग मिटून मुठीच्या फटीतून उजेडाकडे बघायचं, पातं बरोबर मधे बसतं की एका भिंतीला घासतं. मग पोलादाची अक्षरं वाचायची. '३ सीआर १३' दिसलं की चेहरा पडतो, '८ सीआर १३' दिसलं की उजळतो. कारण पहिल्यात कार्बन साधारण ०.३ टक्के, दुसऱ्यात ०.८ आणि कार्बन जास्त म्हणजे धार टिकाऊ. ती टिकते की नाही हे पडताळण्याची वेळ खटकेबाजांवर कधी येत नाही, हा भाग वेगळा. कापलं तर धार जाईल, म्हणून त्यांच्या एकाही चाकूने आजवर काही कापलेलं नाही. घरात आंबा विळीवर चिरला जातो. एका दुकानदाराने बाविसाव्या टक्कनंतर विचारलं, "काका, घेणार आहात की वाजवणार आहात?"

फक्त बटणाचा चाकू त्यांना चालत नाही. रामपुरीचा विषय निघाला की ते नाक मुरडतात. उत्तर प्रदेशातल्या रामपूरची ती प्रसिद्धी, हिंदी सिनेमाने वाढवलेली. तिथल्या चौकात २०२३ मध्ये वीस फुटी चाकूच उभा केला आहे. "बटण दाबलं, स्प्रिंगने काम केलं. त्यात माणसाने काय केलं?" असा त्यांचा सवाल असतो. पण दिल्लीत १९८० साली निघालेल्या सरकारी अधिसूचनेत 'गरारीदार' आणि 'बटणदार' अशी चाकूंची जातवारी आहे आणि पात्याची लांबी ७.६२ सेंटिमीटर इतकी नेमकी दिली आहे, हे ते कौतुकाने सांगतात. सरकारात कुणीतरी एक जाणकार बसला होता, याचा त्यांना आनंद आहे.

कायद्याच्या बाबतीत गृहस्थ घाबरट. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर पोलिस कायद्याच्या कलम ३७ खालचा आदेश छापून आला आणि त्यात तलवारी, भाले, सोटे यांच्या रांगेत 'सुरे' दिसले, की पंधरा दिवस खिसा रिकामा. त्या काळात त्यांचा अंगठा आपोआप हलत राहतो. बोलता बोलता पेनचं टोपण उघडतं, चष्म्याची घडी उघडते, मिटते. शेजारपाजारच्यांना हा पंधरवडा फार आवडतो. एकदा विमानतळावर मात्र ते विसरले. तपासणीच्या जवानाने पट्ट्यावरून बॅग बाजूला घेतली, चाकू वर धरला आणि विचारलं, "ये क्या है?" कुणीही शहाणा माणूस माफी मागून मोकळा झाला असता. पण 'हे काय आहे' असं आपणहून विचारणारा माणूस खटकेबाजांना आयुष्यात प्रथमच भेटला होता. त्यांनी सुरुवात नखापासून केली. चाकू गेला. विमान जेमतेम मिळालं.

अशा माणसाविषयी बरं काही लिहायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेली दोन पिढ्यांची पोरं त्यांच्या हाताखालून गेली. "शार्पनर म्हणजे पेन्सिलीचा खाटीक," हे त्यांचं वाक्य त्या पोरांना अजून पाठ आहे. पेन्सिल चाकूनेच तासायची, लाकूड लांब उतरतं करून शिसं बोटाच्या पेराएवढं बाहेर काढायचं. दीड वर्षापूर्वी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात वाचला, डावा गेला. पेन्सिली आता नातू शार्पनरमध्ये फिरवून देतो आणि मास्तर त्या बुटक्या टोकांकडे बघून काही बोलत नाहीत.

खटकेबाज विचारपूस करायला गेले. थोडा वेळ प्रकृतीचं बोलणं झालं आणि मग सवयीने हात खिशात गेला. टक्क. "नवीन घेतला, मास्तर. एका हाताने उघडतो. दुसरा हात..."

पुढचे दोन शब्द त्यांनी गिळले. मास्तरांनी मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझा हल्ली मोकळाच असतो."

जिना उतरताना खटकेबाजांच्या हातात चाकू उघडाच होता. त्या रात्री त्यांनी डावा हात पँटच्या पट्ट्यात खोचला आणि घरातले सगळेच्या सगळे चाकू जेवणाच्या टेबलावर घेऊन बसले. इतकी वर्षं ते एकच प्रश्न विचारत आले होते, उघडतो कसा. आता पहिल्यांदा विचारत होते, मिटतो कसा. नखाचे सगळे पहिल्या फेरीत बाद. ते एका हाताने उघडतच नव्हते. ओपिनेलचं कडं फिरवायलाही दुसरा हात हवा. बोटाचे आणि अंगठ्याचे ऐटीत उघडले, पण त्यातल्या बहुतेकांत मुठीच्या आतली पातळ पट्टी पात्यामागे आडवी येऊन कुलूप होतं. मिटताना ती पट्टी अंगठ्याने बाजूला सारायची, म्हणजे अंगठा नेमका पात्याच्या वाटेत. दोन हातांच्या माणसाला यात काही वाटत नाही. थरथरत्या एका हाताला हे कसं द्यायचं? अकरा वाजता वहिनींनी अंगठ्याला पट्टी बांधून दिली.

पाठीवर खटका असलेले मोठे चाकूही दोन हात मागत होते. जपानी हिगोनोकामी त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवला. मिकी गावचा हा साधा चाकू, पात्याला मागे एक लहानसा दांडा, तोच अंगठ्याने दाबायचा. जपानची शाळकरी पोरं एके काळी याच चाकूने पेन्सिली तासत. मास्तरांना ती गोष्ट आवडली असती. पण त्याला कुलूपच नाही. अंगठा दांड्यावरून घसरला की पातं बोटांवर.

तीन रविवार ते बोहरी आळीत गेले. दुकानदारांना धक्का बसला, कारण चाकू कानाशी गेला नाही. त्यांना हवा होता आडव्या दांडीच्या कुलपाचा. या जातीत मुठीच्या दोन्ही बाजूंना डोकावणारी एक पोलादी दांडी पात्याला अडवते. बोट आणि अंगठा यांनी ती मागे ओढली की पातं सुटतं आणि मनगट हलवलं की आपल्या वजनाने आत जातं. बोटं त्याच्या वाटेत येतच नाहीत. १९९८ मध्ये एका अमेरिकन कंपनीने हे कुलूप बाजारात आणलं, तेव्हा ते श्रीमंतांचं होतं. पेटंटची मुदत सरल्यावर स्वस्त चाकूंतही दिसू लागलं. तरी स्वस्त म्हणजे साडेसतराशे. खटकेबाजांनी घासाघीस न करता पैसे मोजले.

घरी आल्यावर त्यांनी चांदणीच्या पान्याने पात्याचा स्क्रू सोडवला, केसाएवढा आवळला, पुन्हा सोडवला. घट्ट असला तर पातं आपसूक पडत नाही, सैल असला तर डुलतं. वहिनींच्या शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. मग डावा हात पट्ट्यात खोचून दोनशे वेळा उघडमीट.

मास्तरांच्या टेबलाच्या कडेला सुताराचा छोटा क्लॅम्प बसवला. त्यात फोर-बी पेन्सिल आडवी धरली. मास्तरांनी बोंडाला अंगठा लावला, पातं उघडलं आणि पहिलाच काप सफाईने लांब गेला. लाकडाची एक साल वळून खाली पडली. मग दुसरी. सात-आठ मिनिटं कुणी बोललं नाही. शेवटी त्यांनी दांडी ओढली, मनगट झटकलं, पातं आत गेलं. खटकेबाजांच्या तोंडावर तेव्हा 'एका हाताने' हे शब्द स्पष्ट दिसत होते, पण ते गप्प राहिले. त्यांनी खाली वाकून लाकडाच्या साली गोळा केल्या. दोन्ही हातांनी.

मास्तर आता दिवसाला दोन पेन्सिली तासतात. खटकेबाजांच्या संग्रहातला काहीतरी कापणारा चाकू तो एवढाच. त्याची रिकामी डबी मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात वाजता बेल वाजवून परत मागून नेली.