द्वारपालाची स्मरणशक्ती

माझ्या ईमेलच्या दाराशी एक द्वारपाल बसतो. पत्र आलं की आधी पाठवणाऱ्याचं कूळ तपासतो: सर्व्हर खात्रीचा आहे का, डिजिटल सही जुळते का. मग मजकूर चाळतो. 'बक्षीस', 'त्वरा करा', 'इथे क्लिक करा' असे शब्द दिसले की गुण चढत जातात, आणि मर्यादा ओलांडली की रवानगी थेट स्पॅममध्ये. शब्दांवरून संभाव्यता मांडायची ही रीत पॉल ग्रॅहम यांच्या २००२ च्या लेखानंतर गाजली. मूळ गणित अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या पाद्र्याचं. पापपुण्याचा निवाडा योग्य हाती गेला म्हणायचा!

तर परवा मामांचा फोन. "मुंजीला आला नाहीस?" निमंत्रण स्पॅममध्ये पडून होतं; जीमेल ३० दिवसांनी ते पुसूनही टाकणार होतं. विनातारण कर्जाचं पत्र मात्र इनबॉक्समध्ये ऐटीत बसलेलं.

मामांना काय सांगणार? गेल्या दिवाळीत त्यांच्या रोजच्या सुप्रभातांना वैतागून 'स्पॅम' हे बटण मीच दाबलं होतं. द्वारपालाने ते लक्षात ठेवलं, इतकंच.