मा. भावी विरोधी पक्षनेते साहेबांस

प्रति,
मा. भावी विरोधी पक्षनेते,
महाराष्ट्र विधानसभा,
मुक्काम नागपूर, हिवाळी अधिवेशन, डिसेंबर २०२५

विषय : आपल्या पदातील बढतीच्या संधींबाबत.

महोदय,

पत्रावर आपले नाव नाही, म्हणून राग मानू नये. आपली नेमणूकच झालेली नाही, त्याला माझा इलाज नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये निकाल लागले. २८८पैकी २३० जागा महायुतीच्या तीन पक्षांनी नेल्या आणि विरोधकांतला सर्वांत मोठा पक्ष वीसवर थांबला. त्या पक्षाने मार्च २०२५मध्ये आपल्या नेत्याचे नाव विधानसभा अध्यक्षांकडे दिले. अध्यक्ष विचार करीत आहेत. परिषदेतल्या विरोधी पक्षनेत्यांची आमदारकी ऑगस्टअखेर संपली, त्यामुळे यंदा नागपुरात वरचे सभागृह आणि खालचे सभागृह असा भेदभाव उरलेला नाही. दोन्हीकडे जागा रिकामी.

याला काही मंडळी लोकशाहीवरचा आघात म्हणतात. मला त्यांच्यात दूरदृष्टीचा अभाव जाणवतो. लोकशाहीने याहून बरेच पचवले आहे. खरा आघात आहे तो होतकरू आमदाराच्या भवितव्यावर. या राज्यात मंत्रिपदाकडे जाणारा सर्वांत खात्रीचा रस्ता या एका पदावरून जातो, आणि तोच बंद करून ठेवला आहे.

अतिशयोक्ती वाटत असेल तर १९९०च्या निवडणुकीपासूनची यादी घ्या. मनोहर जोशी, गोपीनाथ मुंडे, मधुकर पिचड, नारायण राणे, रामदास कदम, एकनाथ खडसे, एकनाथ शिंदे, राधाकृष्ण विखे पाटील, विजय वडेट्टीवार, देवेंद्र फडणवीस, अजित पवार. विधानसभेत विरोधी पक्षनेते झालेली ही अकरा नावे. पद सोडल्यावर आज ना उद्या मंत्री झाले किती? अकरा. एवढा निकाल लातूर पॅटर्नलाही कधी लागला नाही. त्याआधीचे उदाहरण हवे असेल तर १९७९–८०मध्ये प्रतिभाताई पाटील याच पदावर होत्या. त्या पुढे थेट राष्ट्रपती भवनात पोहोचल्या.

आता या रस्त्याला दोन फाटे आहेत, हे आपल्याला ठाऊक असेलच. पहिला लांबचा. मुंडे १९९१च्या अखेरीस नेते झाले, शरद पवारांवर तुटून पडले, संघर्षयात्रा काढून राज्य पिंजून काढले, आणि १९९५ला लोकांनी सरकार बदलले तेव्हा उपमुख्यमंत्री होऊन गृहखात्यात बसले. यात सरकारला पाडावे लागते, मग निवडून यावे लागते, शिवाय प्रकृतीकडे दुर्लक्ष होते. दुसरा फाटा आधुनिक आहे. त्यात सरकार जिथल्या तिथे राहते, फक्त आपण उठून समोरच्या बाकावर जायचे.

या दुसऱ्या फाट्यावरचा वेगाचा विक्रम एकनाथ शिंदे यांच्या नावावर असावा. नोव्हेंबर २०१४मध्ये ते विरोधी पक्षनेते झाले आणि ५ डिसेंबरला त्यांचा पक्षच सत्तेत गेल्याने मंत्री. महिनाही भरला नाही. बंगल्याचे पडदे बदलून होईपर्यंत पद बदलले, असे म्हणायला हरकत नाही. (बरोबर दहा वर्षांनी, ५ डिसेंबर २०२४ला, त्यांनी आझाद मैदानावर उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मधल्या काळातला मुख्यमंत्रिपदाचा मुक्काम आपण जाणताच. ५ डिसेंबर ही तारीख डायरीत खुणावून ठेवा.)

पण अभ्यास करायचा तर मी विखे पाटलांच्या प्रकरणाची शिफारस करीन. सुमारे साडेचार वर्षे ते काँग्रेसचे विरोधी पक्षनेते. मार्च २०१९मध्ये चिरंजीव भाजपमध्ये गेले आणि नगरमधून खासदार झाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात वडिलांनी आमदारकीचा राजीनामा दिला, १६ जूनला मंत्रिपदाची शपथ घेतली, आणि १७ जूनला पावसाळी अधिवेशन सुरू झाले. म्हणजे मागच्या अधिवेशनात ज्या सरकारवर टीका केली, त्याच सरकारच्या बाकावरून पुढच्या अधिवेशनाचा पहिला दिवस. विरोधकांना काय विचारायचे आहे आणि ते कुठे अडखळतात, याची इतकी ताजी माहिती असलेला मंत्री कुठल्याही मुख्यमंत्र्याला हवाच असतो. आपण उगाच ‘फोडाफोडी’ म्हणतो. खासगी कंपन्यांत याला अनुभवी उमेदवाराला प्राधान्य म्हणतात.

अजितदादांनी तर आडपडदाही ठेवला नव्हता. २१ जून २०२३ला, पक्षाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात, पवारसाहेबांसमोरच, आपल्याला या पदात रस नाही, पक्षसंघटनेत काम द्या, असे त्यांनी जाहीर सांगितले. बारा दिवसांत, २ जुलैच्या रविवारी, ते राजभवनावर होते. त्या पावसाळी अधिवेशनाला १७ जुलैला विरोधी पक्षनेत्याविनाच सुरुवात झाली. वडेट्टीवारांची निवड झाली ती ते संपता संपता, ऑगस्टच्या सुरुवातीला. वडेट्टीवारांना सवय होती म्हणा. २०१९ला विखे गेल्यावरही शेवटच्या अधिवेशनात तेच उभे राहिले होते.

या पदाने माणसे नुसती घडवली नाहीत, पक्षही फोडले आहेत. १९९०ला ते मनोहर जोशींना मिळाले आणि छगन भुजबळांना मिळाले नाही. पुढच्या वर्षी भुजबळांनी शिवसेना सोडली, त्यामागे मंडलचा मुद्दा होता तशी ही सलही होती, असे तेव्हापासून सांगितले जाते. गंमत अशी की फुटीनंतर सेनेचे संख्याबळ घटले आणि पद गेले भाजपच्या मुंड्यांकडे. दोघांच्या भांडणात तिसरा मोठा झाला. भुजबळांनी कसर पुढे परिषदेत काढली; तिथे विरोधी पक्षनेते झाले आणि १९९९ला उपमुख्यमंत्री.

या सगळ्यात जुना काळ तेवढा अपशकुनी आहे, तो आपण वाचू नये. शेकापचे कृष्णराव धुळप १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे विरोधी पक्षनेते होते, आणि ते नुसते विरोधच करीत राहिले. ऐंशीच्या दशकात शरद पवार विरोधी पक्षनेते होते. ते स्वगृही, म्हणजे काँग्रेसमध्ये, परतल्यावर निहाल अहमद, दत्ता पाटील, मृणाल गोरे अशी माणसे आळीपाळीने त्या जागी बसली. मृणालताईंना लोक पाणीवाली बाई म्हणत. लाटणे घेऊन बायकांचे मोर्चे काढणाऱ्या बाईला सभागृहात प्रश्न विचारायला दिल्यावर सरकारची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करा. अशी माणसे पुन्हा त्या जागी बसू नयेत, म्हणूनच बहुधा अध्यक्ष एवढा विचार करीत असावेत.

अडचण मात्र तिथेच आहे. १९८५च्या निवडणुकीत जनता पक्षाचे २० आणि शेकापचे १३ आमदार आले होते. आज या पदासाठी सभागृहातल्या ज्या किमान दहा टक्क्यांचा, म्हणजे २९ आमदारांचा, दाखला दिला जातो, तो तेव्हा कुणी दिला असता तर निहाल अहमद, दत्ता पाटील, मृणाल गोरे या तिघांपैकी कुणीच त्या जागी बसले नसते. वेतन-भत्त्यांचा १९७८चा कायदा पाहावा, तर तो विरोधातल्या सर्वाधिक संख्याबळाच्या पक्षाचा, अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता एवढेच म्हणतो. दहा टक्के हा आकडा त्यात नाही. तो येतो पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष, आपले दादासाहेब मावळंकर, यांनी पक्षांना मान्यता देण्यासाठी घालून दिलेल्या संकेतातून. दिल्लीत २०१५ला ७० पैकी ३ आमदारांच्या भाजपला हे पद मिळाले होते. ते घेणारे विजेंदर गुप्ता २०२५मध्ये तिथल्या विधानसभेचे अध्यक्ष झाले. म्हणजे तीन आमदारांच्या जोरावरसुद्धा बढती होते! एवढी फलदायी परंपरा आपल्या विधानभवनात मात्र ‘विचाराधीन’ आहे.

आपण विचाराल, पद नसले म्हणून अडते काय? आमदार बोलतातच की. बोलतात. पायऱ्यांवर फलक धरतात, वेलमध्ये उतरतात, सभात्याग करतात, अधिवेशनाच्या आदल्या दिवशीच्या चहापानावर बहिष्कारही टाकतात. (सरकारचा चहा न पिण्याची ही प्रथा इतकी पक्की आहे की तो चहा कसा असतो, हे सत्ताधाऱ्यांखेरीज कुणालाच ठाऊक नसावे.) पण कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा, बंगला, कर्मचारी, आणि उभे राहिले की माइक सुरू होण्याचा मान साध्या आमदाराला मिळत नाही. राज्य मानवी हक्क आयोगावर कोण नेमायचे हे ठरवणाऱ्या समितीत मुख्यमंत्र्यांबरोबर विरोधी पक्षनेत्याची जागा असते. माहिती आयुक्तांच्या समितीतही असते. २००५च्या माहिती अधिकार कायद्याने तर मान्यताप्राप्त नेता नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाच्या नेत्याला तोच समजावे, अशी सोय करून ठेवली आहे. कायदे करणाऱ्यांना कधी कधी पुढचे दिसते.

असो. आपली नेमणूक होईल, उद्या किंवा पुढच्या निवडणुकीनंतर. झाल्यावर आपण आक्रमक व्हाल, अंतिम आठवडा प्रस्तावावर दोन तास बोलाल, कागद फडकवाल. आणि मग एखाद्या सकाळी शपथविधीचा निरोप येईल. त्याला माझी हरकत नाही; अकरापैकी अकरा जिथे गेले तिथे बारावे गेले तर नवल ते काय. मागणे एकच आहे. निघताना आपल्या कार्यालयातली तारांकित प्रश्नांची चळत बरोबर न्यावी. प्रत्येक प्रश्नात ‘हे खरे आहे काय?’ असे आपल्याच सचिवाने टंकलेले असेल. नवे खाते घेतल्यावर त्यांतले काही आपल्याच टेबलावर येतील, आणि खालच्या ओळीत ‘हे खरे नाही’ असे उत्तर अवर सचिवाने तयार ठेवलेले असेल. सही करण्यापूर्वी निदान ‘हे अंशतः खरे आहे’ एवढी दुरुस्ती आपल्या हाताने करावी.

कळावे,
आपल्याच मतदारसंघातील एक मतदार